टाकीचे गोत्र

दुचाकीच्या ऑइल टाकीला गळती लागली आहे, ही बातमी सर्वांत आधी फरशीला कळते. मग ती फरशी पुसणाऱ्याला कळते आणि सगळ्यात शेवटी गाडीच्या मालकाला. कळली तरी काही दिवस त्याला ती मान्य नसते. डाग शेजारच्या स्कूटरचा असेल, काल आलेल्या पाहुण्याच्या गाडीचा असेल, नाहीतर पाणीच असेल, अशी त्याची मते क्रमाने बदलत जातात. पाणी बोटाला बुळबुळीत लागत नाही आणि पायपुसण्यावर आठवडाभर टिकत नाही, हे ध्यानात आले की चौथे मत शिल्लक राहत नाही. दुरुस्तीचा विषय तिथून सुरू होतो.

गाडी

उदाहरणादाखल येथे यामाहा आरएक्स 100 घेतली आहे. एस्कॉर्ट्‌सने यामाहाच्या सहकार्याने ती 1985 साली भारतात आणली आणि 1996 साली तिचे उत्पादन थांबले. 98 सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, 11 अश्वशक्ती आणि शंभर किलोच्या आसपास वजन, एवढाच तिचा संसार. तरी कोल्हापूर-सांगलीकडे तिचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की चाळिशी उलटलेली माणसे अजून जेवता जेवता मान वर करतात.

तिला ‘व्हिंटेज’ म्हणावे की नाही, यावर मालक आणि कायदा यांचे एकमत नाही. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेले आणि मूळ रूपात जपलेले वाहनच व्हिंटेज ठरते. म्हणजे अगदी पहिल्या खेपेतली आरएक्स 100 सुद्धा 2035 च्या आत त्या पंगतीला बसू शकत नाही. तोवर आरटीओच्या लेखी ती पंधरा वर्षांवरचे वाहन. तिच्या वाट्याला नोंदणीचे नूतनीकरण येते आणि वर पर्यावरण कर. मालकाने मात्र मूळ रूप जपण्याची अट आजपासूनच लागू केलेली असते. पुण्याच्या नाना पेठेत दुचाकींच्या सुट्या भागांची दुकाने रांगेने आहेत आणि तिथे चौकशी केली तर नवी टाकी मिळूही शकते. पण ती ‘डुप्लिकेट’. ज्या गाडीचा रंग तीनदा, सीट दोनदा आणि सायलेन्सर एकदा बदललेला आहे, तिच्या मालकाची ‘ओरिजिनल’ या शब्दावरची निष्ठा नेमकी टाकीपाशी येऊन जागी होते.

टाकीचे काम

फोर-स्ट्रोक इंजिनात ऑइल तळाशी साठवलेले असते आणि तेच पुन्हा पुन्हा फिरते. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या पेटीतूनच पेट्रोल आणि हवेचे मिश्रण जात असल्यामुळे तिथे ऑइलला घर करता येत नाही. ते पेट्रोलच्या सोबत आत शिरते, जाता जाता बेअरिंगला आणि पिस्टनला वंगण देते आणि शेवटी निळसर धूर होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडते. जुन्या स्कूटर, जावा, राजदूत या गाड्यांना हे ऑइल पेट्रोलमध्येच मापाने घालावे लागे. पंपावर ऑइल ओतायचे आणि गाडी दोन्ही बाजूंना गदागदा हलवायची. मिश्रण झाले की नाही हे गाडीलाच ठाऊक.

यामाहाने 1964 साली वायए-6 या गाडीवर ‘ऑटोल्यूब’ आणून हा व्याप मिटवला. ऑइलला वेगळी टाकी दिली आणि इंजिनावर एक लहानसा पंप बसवला. इंजिनाचा वेग किती आणि मूठ किती पिळली आहे, या दोन्हींचा हिशेब ठेवून हा पंप लागेल तेवढेच ऑइल पाठवतो. पुढे आरएक्स 100 लाही हीच व्यवस्था मिळाली.

ही टाकी बाजूच्या झाकणाआड असते. मुळात दुधी रंगाची, वयोमानाने जुन्या दातांसारखी पिवळी पडलेली. तिची गोम अशी की ती रिकामी झाली तरी इंजिन लगेच तक्रार करत नाही. पेट्रोल मिळते आहे तोवर ते आनंदात पळते. मग कुठेतरी घाटात, वेगात असताना, पिस्टन सिलिंडरला मिठी मारतो आणि मागचे चाक जागीच थांबते. त्यानंतर सिलिंडर बोअर करून पाव मिलिमीटर मोठा पिस्टन घालणे आणि त्या काळात बसने फिरणे, असा कार्यक्रम असतो.

गळतीचा हिशेबही पाहून ठेवावा. मिनिटाला एक थेंब पडतो असे धरले तर दिवसाचे 1,440 थेंब होतात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर मानला तर रोज 72 मिलिलिटर, म्हणजे गाडी जागची न हलता चौदा दिवसांत एक लिटर ऑइल संपते. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण बचतीसाठी रचलेली आहे, पण तिचे गणित पार्किंगमध्येही तंतोतंत लागू पडते.

निदान

थेंब जिथे पडतो तिथे गळती नसते, हा या शास्त्रातला पहिला नियम. ऑइल टाकीच्या पोटाखालून सरकते, चौकटीच्या नळीवरून उतरते, एखाद्या बोल्टच्या डोक्यावर विसावा घेते आणि मग टपकते. मालक पहिल्या दिवशी तो बोल्ट आवळतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, या म्हणीतल्या पखालीची जागा येथे बिचाऱ्या बोल्टाने घेतलेली असते. बोल्ट फिरेनासा झाल्यावर ‘अजून एक आटा’ म्हणून तो पुन्हा आवळला जातो. मग आटे मरतात आणि दुरुस्तीच्या यादीत नवे कलम येते.

बरोबर पद्धत सोपी आहे, म्हणूनच ती सहसा वापरली जात नाही. बाजूचे झाकण काढावे, सगळा भाग पुसून कोरडा करावा आणि त्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरावी. तासाभराने पांढऱ्या पावडरीवर एक ओली काळपट वाट उमटते. ती वाट वर वर शोधत गेले की तिचे मूळ सापडते. पावडरीचा डबा मात्र गॅरेजमधून परत कपाटात ठेवण्यापूर्वी पुसून घ्यावा, नाहीतर दुसरी चौकशी घरात सुरू होते.

संशयितांचा क्रम ठरलेला आहे. पहिला, पंपाकडे जाणारी रबरी नळी. तीस वर्षांत ती रबर राहिलेली नसते, शेवयांसारखी कडक झालेली असते. दुसरी, नळीवरची तारेची क्लिप, जी मागच्या एखाद्या दुरुस्तीत हरवलेली असते आणि तिच्या जागी सुतळी बांधलेली असते. तिसरी, नळी जिथे टाकीला भेटते तिथली चकती. चौथे, टाकीचे झाकण. टाकी गळ्यापर्यंत भरली तर प्रत्येक खड्ड्याला झाकणातून ऑइल उसळते, आणि महाराष्ट्रात खड्ड्यांची वाण कधी पडलेली नाही. या चौघांपैकी कोणी गुन्हेगार निघाला तर काम अर्ध्या तासाचे आहे. चौघेही निर्दोष सुटले तर उरते ती टाकी. टाकीचे कान, म्हणजे ती चौकटीला बसते ते भाग, वर्षानुवर्षे थरथरत असतात. त्यात कोणीतरी बोल्ट जास्त आवळलेला असतो. कानाच्या मुळाशी केसासारखी बारीक चीर जाते आणि ऑइल तिथून वाट काढते.

सल्ले

दुचाकीचे झाकण उघडून माणूस खाली बसला की भोवती तीन प्रकारचे लोक जमतात. पहिल्यांच्या मते आता गाडी विकावी. दुसऱ्यांच्या मते हीच गाडी त्यांच्याकडेही होती आणि तिला कधी काही झाले नाही. तिसऱ्यांच्या खिशात उपाय असतो.

या उपायांत साबणाचा मान पहिला. चिरेवर ओल्या साबणाची वडी घासली तर गळती खरोखर थांबते, कारण साबण ऑइलमध्ये आणि पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. घरी पोहोचण्यापुरता हा उपाय उत्तम आहे. तो पाण्यात विरघळतो, हे लक्षात ठेवून पावसाळ्यात घर जवळ असलेले बरे. डांबराचे उलटे आहे. ते पावसाला दाद देत नाही, पण ऑइलमध्ये मऊ होऊन त्याच्याच बरोबर वाहू लागते. गळती थांबत नाही, फक्त जास्त काळी दिसते.

त्यानंतर पाळी येते दोन रंगांचे गोळे मळून एक करायच्या लांबीची. तिचे नाव कंपनीने काहीही ठेवले तरी महाराष्ट्रात ती ‘एमसील’च. ती लावली की पहिली रात्र कोरडी जाते. दुसऱ्या दिवशी मालक शेजाऱ्यांना बोलावून कोरडी फरशी दाखवतो. तिसऱ्या दिवशी लांबीचा तुकडा, टाकीच्या अंगाचा हुबेहूब ठसा उमटलेला, अखंड आणि कडक अवस्थेत, ऑइलच्या थारोळ्यात पडलेला आढळतो. लांबीत काही दोष नसतो. घरच्या नळाला ती वर्षानुवर्षे धरून राहते. येथे तिला धरायलाच काही मिळालेले नसते. क्षणात बोटे चिकटवणाऱ्या गोंदाचीही हीच गत होते. टाकी सोडून तो बाकी सगळ्याला चिकटतो.

“काका, ह्या प्लॅस्टिकला काय बी चिकटत न्हाई,” असे जुना मिस्त्री पहिल्याच दिवशी सांगतो. काका ते तिसऱ्या पाकिटानंतर ऐकतात.

पदार्थाची ओळख

मिस्त्रीचे म्हणणे रसायनशास्त्राला मान्य आहे. अशा टाक्या बहुधा पॉलिथीनच्या असतात. या पदार्थाचा जन्म 1933 साली इंग्लंडमधल्या नॉर्थविचजवळ आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत झाला. गिब्सन आणि फॉसेट हे दोन रसायनशास्त्रज्ञ इथिलीन वायूवर प्रचंड दाब देऊन भलताच प्रयोग करत होते आणि भांड्याच्या तळाशी पांढरा, मेणचट पदार्थ सापडला. तो पुन्हा हमखास बनवता येईना. 1935 साली प्रयोग परत केला तेव्हा यंत्राच्या एका सांध्यातून वायू गळला, दाब उतरला, म्हणून नवा इथिलीन भरावा लागला. त्याच्यासोबत नकळत गेलेल्या किंचित ऑक्सिजनने काम फत्ते केले. म्हणजे आज ज्याची गळती थांबवायची आहे, तो पदार्थच गळतीच्या कृपेने हाती लागलेला आहे. त्याचा अधिक कणखर भाऊ, म्हणजे डबे आणि टाक्या बनवायला वापरतात ते जाड पॉलिथीन, कमी दाबावर बनवण्याची युक्ती कार्ल त्सिग्लर यांनी 1953 मध्ये जर्मनीत शोधली. 1963 चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना इटलीच्या जुलिओ नात्ता यांच्यासोबत मिळाले.

या प्लॅस्टिकला काही चिकटत का नाही, हे समजायला अळूचे पान पुरेसे आहे. पाणी त्यावर पसरत नाही, मोती होऊन घरंगळते. गोंद चिकटायचा तर आधी तो पृष्ठभागावर पसरला पाहिजे आणि त्याने तिथे घट्ट धरले पाहिजे. पॉलिथीनची पृष्ठऊर्जा इतकी कमी असते की बहुतेक गोंद त्यावर अळवावरच्या पाण्यासारखे अंग चोरून बसतात. गंमत अशी की याच अलिप्तपणामुळे ते टाकीसाठी निवडले गेले. ऑइल त्याला खात नाही, पाणी कुजवत नाही, गंज चढत नाही. ज्या गुणामुळे टाकी तीस वर्षे टिकली, त्याच गुणामुळे ती दुरुस्त होत नाही. तत्त्वनिष्ठ माणसांशी व्यवहार करताना हाच अनुभव येतो.

टाकी खरोखर पॉलिथीनचीच आहे का, हे आधी तपासावे. एखाद्या कोपऱ्यातून नखाएवढा कपटा खरवडून साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवावा. पॉलिथीन पाण्यापेक्षा हलके असल्याने वर येते. बॉडीच्या भागांना वापरतात ते एबीएस किंवा नायलॉन तळाला बसते. दुसरा कपटा चिमट्यात धरून टाकीपासून लांब, मोकळ्या हवेत पेटवावा. विझवल्यावर मेणबत्तीसारखा वास आला तर पॉलिथीन. काळी काजळी उठली तर एबीएस. तिसरी परीक्षा ॲसिटोनची आहे. एबीएस त्यात विरघळते, पॉलिथीन ढिम्म राहते. ॲसिटोन म्हणून घरातले नेलपॉलिश काढायचे द्रव न विचारता वापरू नये. त्यात ॲसिटोन असेलच असे नाही, आणि नसल्याचे कळेपर्यंत बाटली संपलेली असते.

सांधणी

माणसांत सगोत्र विवाह वर्ज्य मानला गेला. प्लॅस्टिकमध्ये मात्र सगोत्रच विवाह टिकतो. पॉलिथीनला बाहेरचे कोणी चालत नाही, पण दुसरे पॉलिथीन वितळवून त्याच्यात मिसळले तर दोघांचे एक होते. ही दुरुस्ती चिकटवण्याची नाही, सांधण्याची आहे.

स्थळ शोधायला लांब जावे लागत नाही. टाकीत ओतायचे टू-टी ऑइल ज्या डब्यातून येते, तो डबा सहसा त्याच कुळातला असतो. बुडाशी त्रिकोणात 2 हा आकडा दिसला की कुळाची खात्री पटते. डब्यातले ऑइल टाकीच्या पोटात जाते आणि डब्याचे कातडे टाकीच्या अंगाला लागते. त्याच्या चार मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापून ठेवाव्यात.

टाकी गाडीवरून काढावी, रिकामी करावी आणि आतून-बाहेरून गरम पाण्याने, भांडी घासायच्या साबणाने दोन-तीनदा धुवावी. ऑइलचा लवलेश राहिला तर सांधा धरत नाही. तिला दोन दिवस सुकू द्यावे. उन्हाचा भरवसा नसेल तर हेअर ड्रायर चालतो. त्याचे नियम पावडरीच्या डब्याप्रमाणेच. पेट्रोलची टाकी, पेट्रोलचा बोळा आणि उत्साही सल्लागार, तिन्ही या जागेपासून दूर ठेवावेत.

चिरेच्या दोन्ही टोकांना दोन मिलिमीटरचे बारीक भोक पाडणे ही पहिली पायरी. ऐकणाऱ्याला हे वेडेपणाचे वाटते, कारण गळक्या टाकीला आणखी दोन भोके पाडायची असतात. पण चिरेच्या टोकावर सगळा ताण गोळा होतो आणि ती पुढे सरकत राहते. गोल भोकात तो ताण वाटला जातो आणि चीर तिथेच थांबते. सदऱ्याच्या बाजूच्या चिरेला शिंपी वरच्या टोकाशी चार पक्के टाके घालतो, तोच हा विचार.

मग चिरेवर चाकूने इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच करावी. आरपार कापू नये, निम्म्या जाडीपर्यंत जावे. सोल्डरिंग आयर्न तापवून एका हाताने खाचेच्या कडा मऊ कराव्यात आणि दुसऱ्या हाताने पट्टी त्यात वितळवून भरावी. दोन्ही बाजू एकाच वेळी वितळल्या पाहिजेत. एकट्या पट्टीला वितळवून वर थापले तर दुसऱ्या दिवशी ती नखाने निघते. पॉलिथीन सुमारे 130 अंशांना वितळते आणि आयर्नचे टोक त्याच्या दुप्पट तरी तापलेले असते. त्यामुळे एका जागी रेंगाळले की धूर निघतो, प्लॅस्टिक तपकिरी होते आणि सांधा ठिसूळ बनतो. भाकरीइतकेच लक्ष द्यावे लागते. कच्ची राहिली तर उपयोग नाही, करपली तरी नाही. कानाजवळची चीर असेल तर वितळलेल्या थरात बारीक स्टीलची जाळी दाबून वरून पुन्हा एक थर द्यावा. टाकीची भिंत पातळ असल्यामुळे आयर्न आरपार जाण्याची वेळ प्रत्येकावर एकदा येते. त्या भोकासाठी पट्टी आधीच कापलेली असते, हे समाधान.

सांधा दिसायला सुंदर होत नाही. जुन्या जखमेवरच्या व्रणासारखा तो उंचसखल राहतो. कानशीने घासून गुळगुळीत करण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण घासले जाते ती दुरुस्तीच. तसेही झाकणाआड तो कोणाला दिसत नाही. मालक मात्र भेटेल त्याला झाकण उघडून तो दाखवतो.

परीक्षा आणि जोडणी

टाकीत पाणी भरून, तोंडे बंद करून ती एक रात्र वर्तमानपत्रावर ठेवावी. सकाळी कागद कोरडा असला तरी समाधान मानू नये. थेंब बारीक असेल तर रात्रभरात सुकूनही जातो. म्हणून पाणी काढून सांध्यावर साबणाचे पाणी लावावे आणि टाकीत तोंडाने हलकेच फुंकावे. बुडबुडा आला तर खाच पुन्हा करावी. आला नाही तर टाकी आतून पूर्ण सुकवावी, कारण ऑइलबरोबर पाणी पंपात जाणे ही वेगळ्या लेखाची सामग्री आहे.

टाकी जागेवर बसवताना रबराच्या चकत्या नव्या घालाव्यात आणि बोल्ट हाताला लागेल तेवढाच आवळावा. ‘अजून एक आटा’ या तीन शब्दांनीच चीर पडली होती. नळीही नवी घालावी आणि क्लिप बसवावी. सुतळी निवृत्त करावी.

आता सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी पायरी. टाकी काढली तेव्हा नळीत हवा शिरलेली असते. मिस्त्रींच्या भाषेत पंपाने एअर पकडलेली असते. टाकी भरलेली, सांधा कोरडा, मालक खूष, आणि पंप मात्र इंजिनाला बुडबुडे पाजतो आहे, अशी अवस्था येऊ शकते. दुरुस्त केलेल्या टाकीने इंजिन जाम करण्याचा हा राजमार्ग आहे. म्हणून पंपावरचा हवा काढायचा स्क्रू सैल करावा, बुडबुडे थांबून अखंड धार येईपर्यंत ऑइल वाहू द्यावे आणि चकती न हरवता तो परत बसवावा. शिवाय पहिल्या टाकीभर पेट्रोलमध्ये लिटरला वीस मिलिलिटर ऑइल हाताने मिसळून ठेवावे. ज्या कटकटीतून 1964 साली सुटका झाली, ती दोन दिवस पुन्हा सोसल्याने बिघडत काही नाही. गाडी नेहमीपेक्षा जास्त धूर सोडते आणि सल्लागारांचा तिसरा वर्ग परत जमतो, एवढेच.

यानंतर टाकीवर पेनाने ऑइलच्या पातळीची खूण करावी आणि तिच्यावर लक्ष ठेवावे. दुरुस्तीआधी पातळी खाली गेली की मालकाच्या पोटात गोळा येत असे. आता नियम उलटा होतो. गाडी चालवून पातळी थोडी उतरली तर पंप काम करतो आहे आणि ऑइल जायच्या वाटेने जाते आहे. फरशी कोरडी आणि पातळी शंभर किलोमीटरनंतरही जिथल्या तिथे, असे दिसले तर गाडी ताबडतोब बंद करावी. ऑइल जळण्यासाठीच भरलेले असते. दुरुस्तीचा हेतू ते वाचवण्याचा नसून, त्याला फरशीऐवजी सायलेन्सरचा रस्ता दाखवण्याचा असतो.